खिडकी नंबर चार

बेटाला आमची नावं हवीत, पासपोर्टात आहेत तशी,
आडनाव आधी, सगळी कॅपिटल.
लेकीनं मस्कतहून लिंक पाठवलीय,
लग्नाला चाळीस झाली म्हणून सहा रात्री समुद्राकाठी,
आणि खाली ताकीद: बाबा, उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं.
त्याआधी नाही. नंतर तर नाहीच.

मला सांगतेय.
बत्तीस वर्षं खंडेराव मार्केटात, जन्म-मृत्यू विभाग,
खिडकी नंबर चार,
मीच सांगत आलो लोकांना,
साडेबारानंतर नाही, झेरॉक्स नाही, अस्सल आणा.

फोटो पांढऱ्या भिंतीपुढे, हसायचं नाही.
रावपुऱ्यातला फोटोवाला म्हणाला, बेन, दांत नहीं.
ती आणखीच हसली.
सहावा फोटो जमला. त्यात ती
थेट माझ्या सासूसारखी दिसते, दुधाचा हिशेब मागताना.

मग प्रश्न.
सोबत बियाणं आहे? माती? फळं?
(लिलो चेवडो कशात मोडतो, ते दिलेलं नाही.)
गेल्या काही दिवसांत ताप?
खर्चाला पैसे किती, झोपणार कुठल्या पत्त्यावर?
परतीचं तिकीट जोडा.
आम्ही उंबऱ्यावर ‘येतो’ म्हणून निघणारी माणसं,
बेटाला तेवढा पुरावा पुरत नाही.

आणि इथंच अडलं.
पासपोर्टात कुमुद. तिकिटावर कुंदा.
लेकीची चूक नाही, तिनं आईला
दुसऱ्या नावानं कधी ऐकलंच नव्हतं.
ते नाव मीच लिहिलं होतं,
दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये, ताटातल्या तांदळात, अंगठीनं.
‘कुं’वरचा अनुस्वार देताना हात थरथरला
आणि मेव्हण्या हसल्या.
त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार.
जोडायला काहीच उरलेलं नाही.

वाडीतल्या एक सुभद्राबाई आठवल्या.
नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नी सविता, बँकेत सुभद्रा.
सात खेपा घातल्या त्यांनी,
दर वेळी पिशवीत नवा कागद.
त्याही म्हणाल्या होत्या, साहेब, ते तांदळातलं नाव.
मी म्हणालो, तांदूळ आमच्या रजिस्टरात नसतो.
मी बरोबर होतो. सातही वेळा.
आठव्यांदा त्या आल्याच नाहीत,
आणि मी पुढचा नंबर पुकारला.

सकाळी विमान कंपनीला फोन लावला.
चाळीस मिनिटं सनई.
मग कुणी मुलगी: सर, नावात बदल म्हणजे चार्ज लागेल,
आणि बदलून नेमकं काय ठेवायचं?

मी रिसीव्हरवर हात धरला. सवय जुनी,
मोबाइलला रिसीव्हर नसतो हे विसरून.
ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
पासपोर्टातलंच ठेवा.
मग बऱ्याच वेळानं, जुडी संपवून,
कुमुद कुठे गेलेलीच नाही अजून,
डभोईच्या पलीकडे.

चार्ज भरला. पावती आली. दोन प्रती काढल्या,
एक तिच्या पर्समध्ये, एक माझ्या,
तिसरी का काढली ते माहीत नाही.

फॉर्म गेला. बेटाचा निरोप सव्वा मिनिटात:
एक चौकोन, काळ्या मुंग्यांनी भरलेला,
तो दाखवला की आत सोडतील.
ना सही ना शिक्का.
माझ्या टेबलावर एवढ्या वेळात
शाईचं पॅडसुद्धा उघडत नसे.

रात्री ती बॅग काट्यावर ठेवून बघत होती.
तेवीस किलो, वर थोडं.
चेवड्याचं एक पाकीट काढलं, परत आत ठेवलं,
माझा स्वेटर काढला.
मी दारातून म्हणून बघितलं, कुमुद.

तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.
काट्यावरचे आकडे हलत होते.
दुसऱ्यांदा हाक मारायची
मला कोण जाणे कशाची लाज वाटली.